गोफण, तोफ आणि चांदणी चौक

पहिल्या पावसातली गोष्ट. माझी भाची चांदणी चौकाच्या एका रॅम्पवर स्कूटरसकट घसरली. गुडघे खरचटले, आरसा फुटला, बाकी अल्लाहची मेहेरबानी. कोथरूडला घरी आल्यावर हळद लावून घेताना म्हणाली, "मामू, वळणावर कुणीतरी बाहेरच्या बाजूला ढकलल्यासारखं झालं." ती अकरावीला आहे, सायन्सला. मी इतिहासाचा माणूस. पण तिला कुणी ढकलले नव्हते, एवढे मलाही ठाऊक होते. गाडी सरळच जाऊ पाहत होती. तिला आत वळवायचे काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचे, आणि ओल्या रस्त्यावर ते कमी पडले.

त्याच रात्री दूल्हेभाईंचा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला. गतीचे नियम न्यूटनने नव्हे, इब्न सीनाने शोधले आणि जगाने ते आपल्यापासून लपवले, असा मजकूर. भाचीने विचारले, "खरं आहे का हे?" हो म्हणून टाकणे सोपे होते. पण पुराणात विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो, तेव्हा आपल्या घरातली वहीही तपासलीच पाहिजे.

इब्न सीनांचे निधन १०३७ सालचे. तोवर ॲरिस्टॉटलचे मत चालत होते, की फेकलेल्या दगडाला मागून हवा ढकलत राहते. इब्न सीनांनी 'किताब अल-शिफा'मध्ये ते नाकारले. फेकणारा हात दगडालाच एक कल देतो, असे ते म्हणाले. अरबीत त्याला 'मैल' म्हणतात. अंतराचा मैल नव्हे. उर्दूतल्या 'माइल होना'मधला धातू. अडथळा नसेल तर हा कल आपोआप संपणार नाही, पोकळीत वस्तू चालतच राहील, इथवर ते पोचले. हे थोर आहेच. पण पुढे त्यांनी काढलेला निष्कर्ष फॉरवर्डमध्ये नसतो. अशी न थांबणारी गती आपल्याला दिसत नाही, म्हणून पोकळीच नाही, असे त्यांनी मानले! पुढच्या शतकात बगदादचे अबुल बरकात यांनी वेगळे मांडले. पडणाऱ्या वस्तूला तिचे वजन सतत नवा कल देत राहते, म्हणून तिचा वेग वाढत जातो, हा त्यांचा विचार.

वाकड्या वाटेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कारण आकाशातली गोल गती हीच सर्वांत स्वाभाविक, असे ग्रीकांपासून सगळेच धरून चालले होते. जे स्वाभाविक, त्याला कारण कोण विचारणार? तेराव्या शतकात मराग्याच्या वेधशाळेचे नसीरुद्दीन तूसी यांनी दाखवले, की दुप्पट मोठ्या वर्तुळाच्या आत लहान वर्तुळ घरंगळले तर त्याच्या कडेवरचा बिंदू सरळ रेषेत मागे-पुढे होतो. हीच युक्ती १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते. ती तिथे कशी पोचली, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण वर्तुळाला वळवते कोण, हे तूसींनीही विचारले नाही आणि कोपर्निकसनेही नाही.

पुस्तके अशी अडली असताना तोफा मात्र चालत होत्या. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी यांनी बुऱ्हाण निजामशहासाठी मलिक-ए-मैदान ओतली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन पन्नास टनांच्या वर, आणि तोंड असे की माणूस आत बसेल. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये विजापूरला गेली. त्याच काळात इटलीत टार्टाग्लियाने १५३७ साली तोफगोळ्याची वाट कागदावर काढली, ती आधी सरळ, मग वर्तुळाचा तुकडा, मग सरळ खाली. चूकच, पण अगदी वेडगळ नव्हे. हवेच्या विरोधामुळे गोळा चढतो त्यापेक्षा उभा उतरतो, आणि डोळ्यांना ते दिसते. ही वाट, हवा बाजूला ठेवली तर, परवलय असते, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये छापले. तोपर्यंत मलिक-ए-मैदान नव्वदीला आली होती.

माझी दादी परांड्याजवळच्या शिवारात ज्वारी राखायची. माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. मी लहानपणी समजायचो, दगड पाखराच्या समोर आला की सोडायचा. तसे केले की दगड भलतीकडेच जायचा. दादी आधीच सोडायची, दोरी पाखराच्या दिशेशी काटकोनात असताना. दोरी सुटली की दगड गोल जात नाही, बाहेरही उडत नाही. त्या क्षणी जिकडे तोंड होते तिकडे सरळ निघतो. दादीला सही करता येत नव्हती.

गोल फिरणाऱ्या वस्तूचा आकडेबंद हिशेब १६५९ मध्ये डच ह्युजेन्सने केला: वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. पण त्याने तो बाहेरच्या ओढीचा म्हणून मांडला. भाचीने सांगितले तसाच! न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात तोंड फिरवले. ओढ आतल्या बाजूला हवी. ती नसेल तर वस्तू सरळ जाईल. गोफणीला दोरी, चंद्राला पृथ्वीचे आकर्षण, स्कूटरला घर्षण. इब्न सीना आणि या पानामध्ये साडेसहाशे वर्षे आहेत, आणि या वर्षांत अनेकांचे हात लागले. त्या हातांत आपले हात आहेत. सगळेच आपले नाहीत.

भाचीला मी कागदावर हिशेब करून दाखवला. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटेआधी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या रॅम्पचे उद्घाटन झाले, तेव्हापासून इथे वळणेच वळणे आहेत. समजा एका वळणाची त्रिज्या ५० मीटर. ताशी ४० किलोमीटरने गेलीस तर वजनाच्या पाव हिश्श्याएवढे बल आत लागते. ६० ने गेलीस तर दीडपट नाही, सव्वादोनपट, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त. कोरडा रस्ता तेवढे देतो; ओला देईलच असे नाही. म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते, म्हणजे थोडा भार उतारच उचलतो. तिने विचारले, "मागे अम्मी बसली असती तर?" तर बल जास्त लागले असते, पण वजन वाढल्याने घर्षणही त्याच प्रमाणात वाढले असते. घसरण्याचा वेग तोच.

"तू किती वेगात होतीस?" यावर ती काही बोलली नाही.

दूल्हेभाईंना मी एवढेच लिहिले, की इब्न सीनांचे पोकळीबद्दलचे मतही सोबत पाठवत जा. त्यांनी अंगठा पाठवला. आणि भाचीने रविवारी गच्चीवर जाऊन दोरीला खोडरबर बांधले, गरागरा फिरवले आणि सोडले. ते आधी सरळ निघाले, मग परवलयाने खाली गेले, आणि समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत पडले. परत आणायला मलाच जावे लागले.