चढणीचे मासे

१/५
मृगाचा दमदार पाऊस झाला की कोरेगाव तालुक्यातील वसना नदी गढूळते. ओढ्या-ओघळींतून मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. हेच ‘चढणीचे मासे’.

२/५
मासेमारीचा छंद जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ ११२६–११३८) याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हा विषय सविस्तर मांडला: माशांच्या जाती, त्यांचा चारा, गळ, दोरी. कोल्हापूर-कराडचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक.

३/५
सात शतकांनंतर कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली. स्थानिक नावे त्याने शास्त्रीय नावांत सामावून घेतली. १८३९ मध्ये त्याने वर्णिलेला महसीर आजही ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो.

४/५
चढणीचा मासा वर जातो तो अंडी घालण्यासाठी. वाटेतच तो धरला, तर पुढची पिढीही संपते. १८९७ च्या कायद्याने मासेमारीत स्फोटके व विष वापरण्यास मनाई केली. तरीही महसीर घटतच गेला. अखेर १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची कृत्रिम पैदास हाती घ्यावी लागली.

५/५
सोमेश्वराचा गळ एका वेळी एकच मासा ओढी. ओढ्याच्या तोंडाशी लावलेले जाळे मात्र अख्खी वीण उचलते.