स्मृतिभ्रंशावरील औषध आणि पोटॅशियमच्या वाहिन्या

अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशात डॉक्टर जी औषधे लिहून देतात, त्यांत डोनेपेझिल हे नाव वारंवार आढळते. अमेरिकेत १९९६ मध्ये त्यास मान्यता मिळाली. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे पोहोचवते व काम होताच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे विघटन करते. डोनेपेझिल या विकराला रोखते, त्यामुळे निरोप्या अधिक काळ टिकून राहतो. हे या औषधाचे मान्यताप्राप्त कार्य. मात्र ते पेशीपटलावरील पोटॅशियम वाहिन्यांनाही अडवते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

पोटॅशियम वाहिनी हे प्रथिनांचे बनलेले सूक्ष्म दार होय. चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर अल्प. विश्रांत अवस्थेत पेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. संदेश येताच सोडियम आत शिरते व विद्युतस्पंद उमटतो. पाठोपाठ पोटॅशियमची दारे उघडतात, ते बाहेर पडते आणि पेशी पूर्वस्थितीवर येते. हीच दारे अडवली तर स्पंद लांबतो, चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियम जास्त शिरते आणि चेतापारेषक अधिक स्रवतो. दुबळ्या झालेल्या मेंदूला हे लाभदायक ठरावे, असा तर्क त्यामागे आहे.

हा तर्क नवा नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅक्रीन हे अल्झायमरवरील पहिले औषध. पोटॅशियम वाहिन्या बंद करणाऱ्या ४-अमिनोपिरिडीनशी त्याच्या रचनेचे साम्य आहे आणि त्या वाहिन्या तेही अडवते. यकृताला होणाऱ्या इजेमुळे ते पुढे बाजारातून गेले.

उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील पेशींवर डोनेपेझिल सोडले असता पोटॅशियमचा प्रवाह घटलेला दिसला. पेशीतून पोटॅशियम अतिरिक्त प्रमाणात बाहेर जाणे हे पेशीमृत्यूकडे नेणारे एक पाऊल मानले जाते. म्हणून हा अटकाव पेशींना वाचवीत असेल, अशीही मांडणी झाली. येथे उत्साहाला थोडा आवर घालणे बरे. प्रयोगात वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तात आढळणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच मोठी असते. शिवाय डोनेपेझिल लक्षणे काही काळ सौम्य करते, आजाराची वाटचाल थांबवीत नाही.

पोटॅशियमच्या दारांचा प्रश्न रुग्णाच्या बाबतीत खऱ्या अर्थाने उभा राहतो तो हृदयात. हृदयपेशींतील 'हर्ग' नावाची पोटॅशियम वाहिनी प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला विसावा मिळवून देते. डोनेपेझिल तिलाही अडवू शकते. मग ईसीजीवरील 'क्यूटी' हे अंतर लांबते आणि क्वचित ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडते. दुसरीकडे, वाढलेले अ‍ॅसिटिलकोलीन नाडी मंद करते. वृद्धाला एकाएकी भोवळ येणे वा शुद्ध हरपणे याकडे केवळ 'वयाचा परिणाम' म्हणून पाहू नये, ते यामुळेच. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, रक्तातील पोटॅशियम कमी आहे किंवा क्यूटी लांबवणारी अन्य औषधे (काही प्रतिजैविके, काही मानसोपचारातील औषधे) चालू आहेत, त्यांच्यात जोखीम वाढते; अशांचा ईसीजी डॉक्टर पाहतात.

औषध मात्र मनाने बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. आणि बंद केले तरी परिणाम लगेच ओसरत नाही. रक्तातील डोनेपेझिलचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ७० तास लागतात.