दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवरची झाडे

दादर, माटुंगा आणि वडाळ्याच्या निवासी रस्त्यांवर आज जी जुनी झाडे दिसतात, त्यांचे मूळ प्लेगनंतरच्या नगररचनेत आहे. त्याआधी रस्त्याकडेचे झाड म्हणजे वड, पिंपळ, चिंच किंवा आंबा. ते वाटसरूच्या सावलीसाठी गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीत लावलेले असे आणि हवे तेवढे पसरे. घरांसमोरच्या पदपथावर, ठरावीक अंतराने, रांगेत झाड लावायचे ही रीत मुंबईत बरीच नंतर रुळली.

१८९६च्या साथीनंतर, १८९८मध्ये, मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून त्याने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना आखल्या. तिथे रुंद रस्ते होते, इमारतींमध्ये मोकळी जागा सोडलेली होती आणि मधूनमधून बागा होत्या. याच आखणीत अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी भूखंड मिळवले आणि दादर पारशी कॉलनी उभी केली. वृक्षलागवड त्यांनी वसाहतीच्या आराखड्याचाच भाग मानली. एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडे, ही तिथली पद्धत. सारख्या उंचीच्या आणि एकाच वेळी पालवणाऱ्या झाडांमुळे रस्त्याला स्वतःचा चेहरा येतो. तिथली महोगनी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झाडते आणि थोड्याच दिवसांत कोवळ्या पालवीने भरते. तेव्हा सगळा रस्ता एकदम रंग बदलतो.

लावलेल्या जातींपैकी पुष्कळ परदेशी होत्या. महोगनी आणि वर्षावृक्ष अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतले, तर गुलमोहर मादागास्करचा. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भारतात आला. सोनमोहोर आग्नेय आशियातून आला. या निवडीमागे उद्यान खात्याचा सरळ हिशेब होता: रोप सहज तयार व्हावे, लवकर वाढावे, गुरांनी फारसे खाऊ नये आणि फूल देखणे असावे. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेशी जोडलेले मिलार्ड आणि पाद्री ब्लाटर यांनी भारतातल्या सुंदर वृक्षांवर लिहिलेले पुस्तक १९३७मध्ये निघाले. फुलणाऱ्या वृक्षांची आवड शहरात वाढत होती, त्या काळाचे ते पुस्तक आहे. देशी झाड अगदीच डावलले गेले असेही नाही. गांधीजींचा मुक्काम असलेले मणिभवन गावदेवीत ज्या रस्त्यावर आहे, तो लॅबर्नम रोड, आणि तिथली ओळख बहाव्याची.

या सगळ्यांत घरांसमोरच्या रस्त्याला सर्वांत मोठी सावली दिली वर्षावृक्षाने. त्याच्या फांद्या आडव्या पसरतात. दोन बाजूंची झाडे वर एकमेकांत मिसळून कमान होते. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत पाने मिटतात, त्यामुळे पावसाचे पाणी खाली मुळांपर्यंत पोचते. मात्र ही मुळे उथळ आणि दूरवर पसरणारी असल्यामुळे त्यांना उघडी माती लागते.

हे झाड २०१०नंतरच्या दशकात मुंबईत ठिकठिकाणी वठू लागले. फांद्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसे. तो पिठ्या ढेकणाचा. ही कीड कोवळ्या शेंड्यांतला रस शोषते आणि चिकट गोड द्राव टाकते. त्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या येतात आणि किडीला राखतात. पाने गळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा गळतात. दोन-तीन उन्हाळ्यांत झाडाचा साठा संपतो. पण कीड एकटी दोषी धरता येत नाही. तोवर पदपथांवर फरशी आणि काँक्रीट खोडापर्यंत आले होते, केबल व जलवाहिन्यांच्या चरांनी मुळे तुटली होती, आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्याने तोल गेला होता. अशक्त झाड किडीपुढे टिकले नाही. शिवाय एकाच जातीच्या रांगा असलेले रस्ते एकाच वेळी उघडे पडले, ही त्या देखण्या पद्धतीची पडती बाजू.

झाड बदलण्याचा कायदा त्याआधीच होता. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी १९७५मध्ये वृक्षसंरक्षणाचा अधिनियम झाला. तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आणि तोडलेल्या झाडाच्या बदली नवीन लागवड त्याने बंधनकारक केली. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावण्याची तरतूद आणली. आकड्याने हा न्याय मोठा वाटतो. पण रोपे दुसरीकडे लागली तर ज्या रस्त्यावरची सावली गेली, तिथले रहिवासी उन्हातच राहतात.

आता बदली लागवडीत देशी जातींवर भर असतो: ताम्हण, बहावा, बकुळ, कडुनिंब, करंज, सातवीण. निवड योग्य दिशेने चालली आहे, तरी देशी एवढी एकच कसोटी पुरत नाही. ताम्हण राज्याचे फूल असले तरी त्याचा घेर वर्षावृक्षाच्या घेराजवळ येत नाही. अरुंद पदपथाला आणि तारांखाली ते शोभते. रुंद रस्त्यावर मोठ्या घेराचेच झाड हवे. वड-पिंपळांची मुळे गटारात आणि भिंतीत शिरतात, म्हणून त्यांची जागा बागेत किंवा चौकात. सातवीण झपाट्याने वाढते, पण ऐन फुलोऱ्यात तिचा उग्र वास खिडकीजवळच्यांना सोसत नाही. आणि जात कोणतीही असो, आळे किती मोठे हे आधी पाहावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. मोठ्या झाडाला हे अंतरही तोकडेच. पण नव्या रोपाला पहिली काही वर्षे तेवढी माती, उन्हाळ्यात पाणी आणि बुंध्याला काचण्याआधी काढून घेतलेला पिंजरा मिळाला, तर ते पदपथावर तग धरते.