जोडफोटोचं कूळ

रस्ता एकच असतो. फोटोच्या एका बाजूला तो रंगीत, मोटारींनी भरलेला. आणि नजर पुढे सरकते तसा तो करडा होत जातो. मोटारी संपतात आणि वेढ्यात अडकलेल्या शहरातली ओव्हरकोट घातलेली माणसं चालू लागतात. सर्गेई लारेन्कोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गचे असे फोटो प्रसिद्ध केले आणि हा प्रकार जगभर पोचला. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असे ८७२ दिवस वेढा सोसलेलं लेनिनग्राड त्यांनी आजच्या पीटर्सबर्गवर बसवलं.

पाहणाऱ्याला वाटतं, ही कॉम्प्युटरची करामत. पण या जोडफोटोचं कूळ शोधायला निघालं, तर दोन घराणी लागतात आणि दोन्ही कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहेत.

पहिलं घराणं मोजणीवाल्यांचं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर हे जर्मन गणिती आल्प्समधल्या हिमनद्या फोटोंवरून मोजू लागले. ठरलेल्या जागी कॅमेरा लावायचा, काही वर्षांनी पुन्हा तिथेच यायचं आणि बर्फ किती सरकला ते पाहायचं. कलेचा यात काही संबंध नव्हता; जागा चुकली की हिशेब चुकला, एवढंच. हीच शिस्त १९७७ ते १९७९ दरम्यान मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात नेली. एकोणिसाव्या शतकात सरकारी सर्वेक्षणांसाठी टिमथी ओ'सलिव्हन, विल्यम हेन्री जॅक्सन यांनी टिपलेल्या शंभराहून अधिक जागा त्यांनी हुडकल्या आणि पुन्हा टिपल्या. तेव्हा एक गंमत उघडी पडली. ओ'सलिव्हन यांच्या १८६९च्या एका फोटोत युटामधले खडक भलतेच तिरपे, नाट्यमय दिसतात. त्या जागी जाऊन पाहिलं, तर खडक निमूट होते. ओ'सलिव्हन यांनी कॅमेराच कलता धरला होता. जुना फोटो म्हणजे पुरावा, ही समजूत तिथेच जरा ढिली झाली.

दुसरं घराणं सांधणाऱ्यांचं. ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून एकच भलंमोठं चित्र छापलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणशय्येवरची मुलगी उभी केली. सांधा दिसू नये, यातच सगळं कसब होतं आणि फसवणुकीचा आरोपही त्यावरूनच झाला.

ही दोन घराणी शंभरेक वर्षं एकमेकांच्या वाटेला गेली नाहीत. मोजणीवाले जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी ठेवत. आपल्याकडची दिल्लीही तशीच पाहिली गेली: फेलिचे बेआटो यांनी १८५८मध्ये टिपलेली, उठावानंतरची दिल्ली १९९७मध्ये पुन्हा टिपली गेली आणि जिम मसेलॉस व नारायणी गुप्ता यांच्या पुस्तकात जोडीने छापली गेली. फोटोशॉप १९९०मध्ये आलं, त्यात १९९४मध्ये एकावर एक थर ठेवायची सोय झाली आणि सोयरीक जुळली. १९०६च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं सॅन फ्रान्सिस्को क्लेट यांनी २००६मध्ये शेजारी-शेजारी मांडलं; २०१०मध्ये शॉन क्लोव्हर यांनी तेच शहर एकाच चौकटीत मिसळलं. शेजारी ठेवलेले फोटो ‘तेव्हा’ आणि ‘आता’ म्हणतात. मिसळलेला फोटो म्हणतो, ‘इथेच’.

पण हे ‘इथेच’ पायांनी शोधावं लागतं. जुन्या फोटोत जवळच्या खांबाची कड मागच्या इमारतीच्या कुठल्या खिडकीवर येते, ते आधी पाहायचं. मग प्रत्यक्ष जागी खांब खिडकीच्या डावीकडे दिसला, तर आपणही डावीकडे सरकायचं. उजवीकडे दिसला, तर उजवीकडे. अशा दोन-तीन जोड्या जुळल्या की जागा सापडली. ती चुकली, तर लेन्स बदलून किंवा फोटो ताणून भागत नाही. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं नातंच बिघडलेलं असतं. लारेन्कोव्ह यांचा पेशा बंदरात जहाजं आत-बाहेर नेणाऱ्या पायलटचा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून जहाज कुठे आहे ते ओळखणाऱ्या माणसाला हा छंद लागावा, यात नवल नाही.

आता हाच प्रयोग मुंबईत, काळा घोडा चौकात करून पाहा. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा तिथे १८७९मध्ये बसला आणि १९६५मध्ये राणीच्या बागेत गेला. नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. २०१७मध्ये तिथे पुन्हा काळा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराशिवाय. जुना फोटो नव्यावर ठेवला, तर स्वार ठेवायचा की उतरवायचा? डेव्हिड ससून वाचनालयासमोरून ट्राम जाऊ द्यायची की गाड्यांची रांग? सांधा कुठे घालायचा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, जोडणारा ठरवतो. म्हणून जोडफोटो हा इतिहास नव्हे, इतिहासाविषयीचं मत आहे. ते मत आहे हे कळावं, इतपत तरी सांधा दिसला पाहिजे.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्येच निघाली, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी नामांकित छायाचित्रकार होते, म्हणजे सुरुवात आपल्याकडे उशिरा झाली नाही. तरी त्या काळच्या कॅमेऱ्यांनी पुनःपुन्हा पाहिली ती कोटातली मुंबई: सरकारी इमारती, पुतळे, रुंद रस्ते. आज ज्या जागा आपण हौसेने जोडतो, त्या बहुतेक याच. गिरणगावातल्या चाळीच्या जिन्याकडे, नळाच्या रांगेकडे त्या मानाने फार थोडे कॅमेरे वळले. ज्याचा जुना फोटोच नाही, त्याला नवा जोडणार कशाला? फोर्टचा भूतकाळ दाट आणि लालबाग-परळचा विरळ दिसतो, तो यामुळे.

हा दोष आता निदान पुढे तरी वाढू नये. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन टॉवर येत आहेत. पुण्यातले वाडेही एकेक करून पडत आहेत. तुमची चाळ, वाडा, गल्ली पाडकामाला निघण्याआधी तिचा फोटो काढा. जिना, गॅलरी, कोपऱ्यावरचं दुकान, सगळ्यांचा. मंदिराचा कळस, टाकी, रस्त्याचं वळण असं काहीतरी टिकणारं चौकटीत येऊ द्या. आणि फोटोसोबत दोन ओळी लिहून ठेवा: तारीख, आणि आपण नेमके कुठे उभे होतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती जागा शोधत येईल, तेव्हा त्याला या दोन ओळी लागतील.