स्वयंपाकघर उभे राहिले तेव्हा

जुन्या घराच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की घरात दोन गोष्टींवरून वाद होतात. खाली फरशी कोणती घालायची, आणि कोणती वस्तू कुठे ठेवायची. शेगडी खिडकीखाली की आग्नेय कोपऱ्यात, फ्रिज आत की बाहेरच्या खोलीत, मिक्सरसाठी प्लग कुठे काढायचा. हे वाद आपण वेगवेगळे समजतो. ते एकाच घटनेतून जन्मले, असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी स्वयंपाकघर जमिनीवरून उठले आणि उभे राहिले. त्या घटनेचा हा धागा. जरा लांबला आहे, सवडीने वाचा.

आधी बैठ्या स्वयंपाकघराचे चित्र डोळ्यांसमोर आणू. मातीची चूल जमिनीवर, तिच्या कुशीला वैल. मुख्य चुलीचा जाळ वैलाकडे वळतो आणि तिथे आमटी किंवा दूध मंद तापत राहते. चुलीसमोर पाटावर बाई बसलेली. तिच्या हाताच्या अंतरावर परात, पोळपाट, मिसळणाचा डबा. पायाखाली दाबून धरलेली विळी. भिंतीशी पाटा-वरवंटा. चिरणे, वाटणे, मळणे, लाटणे, वाढणे, इतकेच काय जेवणेही त्याच पातळीवर. या घरात वेगळा ओटा नव्हता, कारण सगळी जमीनच ओटा होती.

त्यामुळे जमिनीची निवड हा तेव्हा शोभेचा प्रश्न नव्हता. जिच्यावर पीठ सांडते आणि पंगत बसते, ती जमीन रोज नव्याने 'स्वच्छ' व्हावी लागे. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारायचे, चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि वर शेणाने सारवायची. चुलीलाही रोज पोतेरे द्यायचे. जेवणे आटोपली की खरकटे काढून त्या जागी शेण फिरवायचे. जमीन एकदा करून टाकली आणि विसरलो, असे नसे. ती सतत करत राहावी लागे, आणि ते काम बायकांकडे असे.

या जमिनीवर सोवळ्याची अदृश्य रेघही होती. उच्चवर्णीय घरांत स्वयंपाकघराचा उंबरठा कोणी ओलांडायचा आणि कोणी पडवीतच थांबायचे, हे जातीने ठरे. घरातल्याच बाईला महिन्यातले काही दिवस तिथे मज्जाव असे. 'वस्तू कुठे ठेवायची' या आजच्या प्रश्नाआधी 'माणसाने कुठे उभे राहायचे' हा प्रश्न त्या खोलीने सोडवून टाकलेला होता. जुन्या वाड्याच्या छायाचित्रांवर हळहळताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

धूर मात्र कोणाचेच ऐकत नसे. त्याच्यासाठी छपरात धुराडे किंवा भिंतीत उंचावर झरोका ठेवलेला असे. हा वरचा झरोका लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

शहरांत ही जमीन बदलली ती मुख्यतः दगडाने, आणि दगड आला रेल्वेने. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाली. नकाशा उघडून हा मार्ग बोटाने गिरवून पाहा. सोलापूर सोडल्यावर गुलबर्ग्याच्या पुढे शहाबाद लागते आणि रायचूर ओलांडून मद्रासकडे निघालो की कडप्पा. आपल्या घरांतली करडी फरशी आणि काळा ओटा ही एकाच लोहमार्गावरची दोन गावे आहेत! दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. ते थरांत सुटतात, त्यामुळे फारसे यंत्र न लावता त्यांच्या लाद्या निघतात. शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण लादीला सरहद्द कशाची?

शहाबादी खाली आली आणि सारवणे गेले. पाण्याने पुसून निघणाऱ्या दगडाला शेणाचा थर नको होता. बाईच्या दिवसातला एक कष्ट कमी झाला. त्याचबरोबर जमीन 'करण्याची' वस्तू होती ती 'घालण्याची' झाली, म्हणजे बाजारातून निवडून आणण्याची. १९२२ मध्ये मुंबईत फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सची स्थापना केली आणि नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या इथेच घडू लागल्या. पण जुन्या इमारतींत एक पंक्तिभेद सहज दिसतो. नक्षी दिवाणखान्यात आणि साधी शहाबादी स्वयंपाकघरात. पाहुण्यांची नजर जिथे पोचते तिथवर पैसा पोचला.

चाळीतल्या एका खोलीत तर हा भेद करायलाही जागा नव्हती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, परळ आणि शिवडी येथे बांधलेल्या चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा खोलीत स्वयंपाकाची जागा ठरायची ती मोरीवरून. जमिनीला मोरीकडे उतार दिलेला असायचा. त्या उताराच्या वरच्या अंगाला, पाणी पोचणार नाही अशा कोरड्या कोपऱ्यात विस्तव. जल आणि अग्नी यांचे अंतर कुठल्याही वास्तुशास्त्राच्या पोथीपेक्षा गवंड्याच्या उताराने पक्के केले.

आणि तिथे लाकडाच्या चुलीची जागा रॉकेलच्या स्टोव्हने घेतली. हवा भरून दाबाने पेटणारा स्टोव्ह स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये घडवला. त्याचा 'प्रायमस' हा शब्द आपल्याकडे घरगुती झाला. धूर कमी, आच तेज, आणि नको तेव्हा बंद. पण इथे एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही असे म्हणू. यंत्र बदलले तरी त्याची जागा बदलली नाही. स्टोव्ह जिथे चूल होती तिथेच, जमिनीवर बसला. चुलीत दाबाखालचे इंधन नव्हते. आता पदराच्या उंचीवर रॉकेलने भरलेली, हवा मारलेली पितळी टाकी आली.

या जागेचा इतिहास काळा आहे. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हा मथळा १९७० आणि १९८०च्या दशकांत वर्तमानपत्रांच्या नित्य परिचयाचा झाला. त्यांत खरे अपघात होते, आणि अपघाताच्या नावाखाली झाकलेल्या हत्याही होत्या. जमिनीवरचा स्टोव्ह, लांब पदर, बंद दार: सांगितलेली गोष्ट सहज खरी वाटावी अशी मांडणी आधीच तयार होती. भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा येतो, असा प्रश्न स्त्री-संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ मध्ये ३०४-ब. दुसऱ्या कलमाने लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा अन्य अनैसर्गिक कारणाने झालेल्या आणि हुंड्याच्या छळाशी जोडलेल्या मृत्यूला 'हुंडाबळी' हे नाव दिले. स्वयंपाकघरातल्या उपकरणाच्या जागेचा इतिहास लिहायचा तर हे पान वगळता येत नाही.

आता मुख्य घटनेकडे येऊ. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. खनिज तेल शुद्ध करताना प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू हाती लागतात. ते दाबाखाली द्रवरूप करून टाकीत भरता येतात. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत हा वायू घरगुती वापरासाठी विकायला आरंभ केला. इंडियन ऑइलचा 'इंडेन' १९६५ मध्ये कलकत्त्यात आला.

सिलिंडरसोबत घरात एक नियम आला: शेगडी नेहमी सिलिंडरच्या वर हवी. सिलिंडर जमिनीवर, उभा. शेगडी त्याहून उंच. मधली रबरी नळी आखूड, सहसा दीड मीटरच्या आत, आणि ती आचेजवळून जाता कामा नये. आता हिशेब करा. घरगुती सिलिंडरची उंची दोन फुटांहून थोडी अधिक. म्हणजे शेगडी किमान अडीच फुटांवर गेलीच पाहिजे. अडीच फुटांवरच्या शेगडीसमोर पाटावर बसून पोळ्या करता येत नाहीत. बाई उभी राहिली.

मग ओटा आला. दोन आडव्या-उभ्या भिंती, त्यांवर कडप्प्याची लादी, खाली सिलिंडरचा कोनाडा. कडप्पाच का? तापलेले पातेले थेट ठेवता येते, तेलाचे डाग काळ्यावर दिसत नाहीत, आणि तो ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त पडे. लिंबू-कोकमाने त्याची झिलई जाते हे खरे, पण ते कळेपर्यंत ओटा बांधून झालेला असे.

उभ्याचा स्वयंपाक आपल्याकडे मुळीच नव्हता असे नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत, मुंबईतल्या काही पारशी घरांत उंच चुली होत्या. जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुकाराने कामगारांच्या घरांसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे 'फ्रँकफर्ट स्वयंपाकघर' आखले. पावलांची आणि वेळेची मोजदाद करून प्रत्येक वस्तूला त्यात जागा दिली होती, आणि तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. पण सर्वसाधारण मराठी ओट्यामागे असे पाऊल मोजणारे कोणी नव्हते. त्याची उंची सिलिंडरने आणि गवंड्याच्या अंदाजाने ठरली. उभे राहणाऱ्या बाईची उंची कोणी विचारली नाही, आणि आजही क्वचितच विचारतात.

शेगडी वर गेली आणि तिच्यामागे एकेक वस्तू वर चढत गेली. पाय दाबून चालवायची विळी उभ्या बाईच्या कामाची नव्हती, म्हणून सुरी आली. १९६०च्या दशकात 'सुमीत' मिक्सर आला, तेव्हा पाटा-वरवंट्याची जागा ओट्यावर, बटणाच्या शेजारी गेली. मोरी उंचावून सिंक झाली. शेवटी जेवणही पाटावरून टेबलावर गेले. गुडघ्यांचे दुखणे कमी झाले असेल, पण टाचा आणि कंबर बोलू लागल्या. कामाचे तास कमी झाले म्हणावे, तर गरम पोळी वाढण्याची अपेक्षा तशीच राहिली.

फ्रिज मात्र बराच काळ बाहेरच्या खोलीत थांबला. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला घेतला, पण मध्यमवर्गीय घरात तो पुढे कितीतरी वर्षे दिवाणखान्यात, वर क्रोशाचा रुमाल पांघरून उभा असे. प्रतिष्ठेची वस्तू म्हणून त्याची थट्टा होते. परंतु सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा विजेचा जोड नेमका तळाशी असतो, आणि तिथली एक ठिणगी पुरते. मिरवण्यासाठी ठेवलेला फ्रिज नकळत योग्य जागी होता.

जड वायूने भिंतीलाही नवे छिद्र पाडले. धुराचा झरोका वर होता. सिलिंडरच्या घरात हवा जाण्याची वाट खाली, जमिनीलगत हवी. म्हणूनच सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खालून जाळी किंवा भोके ठेवायची असतात.

ही उभी राहण्याची क्रिया सर्वत्र एकदम झाली नाही. गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादी असे. खासदारांच्या कोट्यातून जोडणी मिळवणे हा १९८०च्या दशकातला मोठा वशिला होता. खेड्यापाड्यांत तर ते आजही घडते आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. चुलीसमोर बसणाऱ्या घरात सिलिंडर आला की लगेच प्रश्न येतो तो शेगडी कशावर ठेवायची याचा. कुठे दोन विटांच्या थरांवर फरशीची लादी टाकतात, कुठे टेबल. शहरात जे १९६०-७०मध्ये घडले ते तिथे आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे.

आणि खालच्या फरशीचे काय? तिचे काम गेले. तिच्यावर आता कोणी पीठ मळत नाही, पाट मांडत नाही. ती फक्त चालण्याची आणि पुसण्याची जागा उरली, आणि म्हणून तिची निवड रंगावर व चकाकीवर होऊ लागली. बैठ्या घरात गुळगुळीत जमीन गुण होती. उभ्या घरात, हातात उकळते पातेले आणि खाली सांडलेले तेल असताना तीच चकाकी धोका ठरते. शहाबादी काढून व्हिट्रिफाइड घालणाऱ्या घरांत पहिल्याच पावसाळ्यात पायपुसणी का वाढतात, ते यावरून कळावे.

आता झरोक्याकडे. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुढे मुंबईत नळाचा वायू घरोघर पोचू लागला. हा वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा सुमारे निम्मा हलका. गळला तर तो वर छताकडे जातो. म्हणजे हवेची वाट पुन्हा उंचावर हवी, जिथे वाड्यातल्या धुराचा झरोका होता. शंभर वर्षांत ते छिद्र वरून खाली आले आणि परत वर गेले. नूतनीकरणात मात्र छतापर्यंत कपाटे करताना सुतार ते वरचे बंद करतो, आणि सिलिंडर गेला म्हणून खालचेही.

तुमच्या घरचा जुना ओटा यंदा फुटणार असेल, तर आधी टेप लावून त्याची उंची मोजा, खालचा सिलिंडरचा कोनाडा मोजा, फरशीच्या मोरीकडच्या उताराचा फोटो काढा. आणि तो ओटा कोणत्या साली, कोणाच्या सांगण्यावरून बांधला, हे आजीला विचारून खाली लिहा.