पहिला येणारा घोडा

शर्यतीचा इतिहास लिहिणारे बहुधा जिंकलेल्या घोड्यांची नोंद करतात. पण शर्यत सुटण्यापूर्वी माणसांनी काय ताडले, कशावरून ताडले आणि ते कितपत खरे ठरले, हाही एक इतिहास आहे. आपल्या समाजाचा त्याच्याशी जुना संबंध आहे. घोडा आणणारे, पारखणारे, नाल ठोकणारे आणि मोतद्दारी करणारे यांत आपली माणसे होती. रेसकोर्सवर पगार घालवून रिकाम्या हाती घरी परतणाऱ्यांतही ती होती. एकाच मैदानावरच्या या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची गरज आहे.

अरबीत घोड्याला ‘फरस’ म्हणतात आणि बाहेरच्या खुणांवरून आतले ओळखण्याच्या शक्तीला ‘फिरासत’. दोन्ही शब्दांची मूळ अक्षरे तीच आहेत. अरबांनी शर्यतीत येणाऱ्या घोड्यांना क्रमाने नावे दिली होती. पहिला तो ‘मुजल्ली’, दुसरा तो ‘मुसल्ली’ आणि अगदी शेवटचा ‘सुकैत’. मराठीतला घोडाही याच भाषांतून सजून आला. लगाम, रिकीब, जीन, खोगीर, नाल, चाबूक, पागा, बारगीर, शिलेदार, अबलख हे सगळे शब्द अरबी-फार्सीतून आपल्याकडे रुळले. नालबंद आणि चाबुकस्वार ही आडनावे महाराष्ट्रात आजही आहेत.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. अब्दुल्लाह इब्न उमर यांनी ही हकिकत सांगितली असून ते स्वतः त्या शर्यतीत उतरले होते. तयार केलेल्या घोड्यांसाठी हफ्यापासून सनिय्यतुल-वदापर्यंत पाच-सहा मैलांचे अंतर होते. तयार न केलेल्यांसाठी तेथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैलाचे. म्हणजे तयारी पाहून घोड्यांची वर्गवारी आणि वर्गवारीप्रमाणे अंतर. आजही शर्यतीचा अंदाज बांधणारा सुरुवात येथूनच करतो.

बक्षिसाचा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. राज्यकर्त्याने किंवा तिऱ्हाइताने जिंकणाऱ्याला इनाम द्यावे, याला फकीहांनी मान्यता दिली. पण दोन्ही बाजूंनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने सगळे न्यायचे, याला बहुतेकांनी ‘मैसिर’ म्हणजे जुगार ठरवले. सूरह अल्-बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांना काही फायदेही आहेत, मात्र त्यांतला गुन्हा फायद्याहून मोठा आहे, असा आशय आहे. फायदा नाकारलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. रेसकोर्सचा हिशोब मांडताना हीच पद्धत उपयोगी पडते.

मुंबईत बॉम्बे टर्फ क्लब १८०२ साली स्थापन झाला आणि भायखळ्याच्या मैदानावर शर्यती होऊ लागल्या. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. एकोणिसाव्या शतकात येथे धावणारा महत्त्वाचा घोडा अरबी होता. बसरा आणि आखाताच्या इतर बंदरांतून तो जहाजाने मुंबईत येई आणि भेंडीबाजार-भायखळा भागातल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांत गिऱ्हाइकासाठी उभा राही. त्याची पारख खांदा, छाती, पायाची नळी, श्वास आणि चाल यांवरून होई. सोबत भोवऱ्यांचे शास्त्रही असे. सआदत यार खान ‘रंगीन’ या उर्दू शायराने लिहिलेल्या ‘फरसनामा’त घोड्यांच्या शुभ-अशुभ खुणांचा विचार आहे. आपल्याकडे देवमण आणि पंचकल्याणी यांचा जो मान आहे, तो याच परंपरेतला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अशा खुणा आजही पाहिल्या जातात.

शर्यतीने या पारखीची परीक्षा घेतली. भोवरा पाहून घेतलेला घोडा मागे पडला की ते सर्वांसमक्ष दिसे. हळूहळू खुणांची जागा नोंदींनी घेतली. हा घोडा किती अंतरावर, किती वजन घेऊन, कोणत्या घोड्यांपुढे आला, याचे टिपण राहू लागले. अरबी घोड्यांच्या आणि तट्टांच्या शर्यतींत उंची मोजून त्याप्रमाणे वजन ठरवण्याची रीत होती. पुढे हँडिकॅपची पद्धत रुजली. तीत चांगल्या घोड्यावर जास्त आणि कमजोर घोड्यावर कमी वजन देतात. सगळे घोडे एकाच वेळी खांबाशी यावेत, हा हँडिकॅप लावणाऱ्याचा हेतू असतो. म्हणजे जाणकार माणसाने अंदाज बांधावा आणि दुसऱ्या जाणकार माणसाने तो चुकेल अशी व्यवस्था करावी, असा हा खेळ आहे.

त्यात पैशाची आणखी एक भिंत आहे. टोटवर लोकांचे पैसे एकत्र जमतात. समजा शंभर रुपये जमले आणि क्लबचा हिस्सा व सरकारी कर मिळून वीस गेले, तर वाटायला ऐंशीच उरतात. सगळे खेळणारे कितीही हुशार असले तरी सर्वांचे मिळून वीस जाणारच. शिवाय अमुक घोडा चांगला आहे हे सर्वांना ठाऊक झाले की त्याचा भाव उतरतो. घोड्याची पारख असणे एक आणि भावावर मात करणे दुसरे. टिप विकणारा पहिली गोष्ट दाखवून दुसरीचे पैसे घेतो. सरकारने १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने आणि १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याने या व्यवहाराला कुंपण घातले. परवान्याच्या मैदानात चालणारी गोष्ट बाहेर गुन्हा ठरली.

पारखीची मर्यादा किती, हे पाहायचे तर तिसऱ्या आगा खानांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे आजोबा, पहिले आगा खान, मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांचे अरबी घोडे येथील शर्यतींत गाजले. नातवाने १९२० नंतर विलायतेत तबेला उभा केला. वासरे निवडायला जॉर्ज लॅम्बटन हा नामांकित जाणकार होता. त्याने १९२२ मध्ये ९,१०० गिनी मोजून ‘मुमताज महल’ ही वासरी घेतली. वंशावळी तपासायला कर्नल व्हुइये हा फ्रेंच अधिकारी होता. तो बाराव्या पिढीपर्यंत, म्हणजे ४,०९६ पूर्वजांपर्यंत, हिशोब करी. त्याच्यामागे त्याच्या पत्नीने हे काम सांभाळले. इतकी माहिती फार थोड्या मालकांजवळ असेल.

आता निकाल पाहा. १९३० च्या एप्सम डर्बीत त्यांच्या दोन घोड्यांपैकी लोकांची पसंती ‘रुस्तुम पाशा’ला होती. जिंकला ‘ब्लेनहाइम’, भाव एकास अठरा. १९३२ मध्ये ‘दस्तूर’ तिन्ही मोठ्या शर्यतींत दुसरा आला. त्यांतल्या शेवटच्या, सेंट लेजरच्या शर्यतीत तो त्याच तबेल्याच्या ‘फिरदौसी’मागे राहिला आणि फिरदौसीचा भाव होता एकास वीस. १९३६ च्या डर्बीत गॉर्डन रिचर्ड्स या अव्वल जॉकीला ‘ताज अकबर’ दिला होता. तो दुसरा आला. पहिला आला ‘महमूद’, मुमताज महलचा नातू. आजीचा वेग घेतलेला हा घोडा दीड मैल टिकणार नाही, अशी शंका होती. मैदान टणक होते आणि त्याने २ मिनिटे ३३.८ सेकंदांचा विक्रम केला. तो १९९५ पर्यंत टिकला. मधल्या वर्षी, १९३५ मध्ये, ‘बहराम’ सर्वांच्या अपेक्षेप्रमाणे जिंकला आणि एकही शर्यत न हरता निवृत्त झाला. पाच डर्बी जिंकणाऱ्या या तबेल्याला उत्तम घोडे जन्माला घालता आले. त्यांतला कोणता पुढे येईल, हे मात्र दर वेळी सांगता आले नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला की घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान आहे. हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. पैज लावणारे या निर्णयाचा आधार घेतात. कौशल्य आहे, हे वरच्या इतिहासावरूनही पटते. पण ते मुख्यतः घोडा वाढवणाऱ्याचे, शिकवणाऱ्याचे आणि स्वाराचे आहे. भाव लावून घरखर्चाचे पैसे टाकणाऱ्याला ते उसने मिळत नाही. आगा खान हरले तर त्यांच्याकडे दुसरा घोडा होता. गॅलरीतल्या कामगाराच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची असे. हा फरक आपल्या सुधारकांनी आणि मौलवींनीही घराघरांत समजावून सांगितला पाहिजे.

त्याच वेळी या मैदानाला नुसते ‘हराम’ म्हणून पाठ फिरवली, तर आपल्याच कसबाचा इतिहास हातचा जातो. पहाटे पाय चाचपून घोडा आज लंगडतो की नाही हे सांगणारा मोतद्दार, खुराची झीज पाहून चाल ओळखणारा नालबंद, अडेल घोड्याला वळणावर आणणारा चाबुकस्वार यांची फिरासत कोणत्याही पुस्तकात आलेली नाही. मुंबई-पुण्याच्या तबेल्यांत हे काम केलेली वृद्ध माणसे अजून भेटतात. त्यांच्याकडून घोड्यांविषयी विचारून घ्यावे, शब्द टिपून ठेवावेत, नावे-गावे लिहून काढावीत. मराठी मुस्लिम समाजाच्या श्रमाचा इतिहास कधी सलग लिहिला जाईल, तेव्हा त्यात या माणसांसाठी एक प्रकरण लागेल.