मोटारवाहन योग्यता तपासणी : आडवाटेची जुनी आलिशान वाहने

मोटारवाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास यांत्रिक दृष्ट्या सुरक्षित आहे की नाही, हे ठरविण्यासाठी शासकीय निरीक्षकाने किंवा मान्यताप्राप्त केंद्राने केलेल्या परीक्षणास योग्यता तपासणी म्हणतात. ब्रेक, सुकाणू यंत्रणा, दिवे, टायर, सांगाडा आणि धूर ही तिची प्रमुख अंगे होत. खाजगी मालकीच्या, वजनदार व चारही चाकांना शक्ती देता येणाऱ्या आलिशान वाहनांच्या बाबतीत या तपासणीच्या मर्यादा विशेष स्पष्ट होतात. कारण अशा वाहनांचे दोष बहुधा बाहेरून दिसत नाहीत आणि भारतीय कायद्याप्रमाणे त्यांची पहिली सक्तीची तपासणी पंधरा वर्षांनी होते.

*इतिहास :* भारतात मोटारवाहनांविषयी सर्वदेशीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा घेणाऱ्या १९३९ च्या कायद्याने प्रवासी व माल वाहून नेणाऱ्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक केले. भाडे देऊन बसणाऱ्या उताऱ्याला वाहनाची परीक्षा करता येत नाही, म्हणून ती शासनाने करावी आणि खाजगी गाडीची काळजी मालकाने घ्यावी, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमाने (अंमल १ जुलै १९८९ पासून) ती कायम ठेवली. त्यातील कलम ५६ वाहतूक वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राविषयी आहे, तर कलम ४१ प्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व पुढे तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. नूतनीकरणासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करून वाहन तपासणीस आणावे लागते.

ब्रिटनमध्ये याउलट खाजगी मोटारींचीच सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांपुरती होती. सदोष गाड्यांचे प्रमाण मोठे आढळल्याने वयाची ही मर्यादा १९६१ मध्ये सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली. तीन वर्षांनंतर तेथे दरवर्षी तपासणी होते.

*वाहनांचा विकास :* महाराष्ट्रात आडवाटेच्या वाहनांची परंपरा जीपपासून सुरू होते. १९४७ मध्ये मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीपची रचना उघडी व साधी असल्याने सांगाडा, स्प्रिंगांचे पाटे व आस हे भाग वाकून पाहिले तरी दिसत. ब्रिटनमध्ये १९४८ साली लँड रोव्हर व १९७० मध्ये रेंज रोव्हर ही गाडी आली. रेंज रोव्हरमध्ये कायम चारचाकी चालन, गुंडाळी स्प्रिंगा व चारही चाकांना चकतीचे ब्रेक देऊन शेतावरच्या वाहनाला आरामगाडीचे रूप देण्यात आले.

पुण्यात तयार झालेली टाटा सफारी (१९९८) ही या वर्गातील महत्त्वाची भारतीय गाडी होय. स्वतंत्र सांगाड्यावर बसविलेली बंद काया, पुढे पीळदांड्यांची व मागे गुंडाळी स्प्रिंगांची योजना, टर्बो डीझेल एंजिन आणि काही प्रकारांत बटणाने जोडता येणारे चारचाकी चालन ही तिची वैशिष्ट्ये होती. २००५ मध्ये तिला ३ लिटरचे नवे एंजिन मिळाले, २०१२ मध्ये स्टॉर्म ही आवृत्ती आली व २०१९ मध्ये या मालिकेचे उत्पादन थांबले. २०२१ मध्ये त्याच नावाने आलेल्या गाडीची रचना वेगळी असून तिला स्वतंत्र सांगाडा नाही. पहिल्या सफारी गाड्या २०१३ मध्ये नूतनीकरणास पात्र झाल्या. आराम वाढला, तसे झिजणारे भाग आच्छादनाखाली गेले आणि डोळ्यांनी करावयाच्या तपासणीचे काम अवघड झाले.

*सोलापूर परिसरातील परिस्थिती :* पुणे-हैदराबाद व धुळे-विजापूर हे राष्ट्रीय महामार्ग सोलापूर येथे मिळतात. जिल्ह्यात सोलापूर (एमएच १३) व अकलूज (एमएच ४५) ही दोन नोंदणी कार्यालये आहेत. द्रुतगती महामार्ग, उसाच्या वाहतुकीने उखडलेले ग्रामीण रस्ते आणि काळ्या मातीची शिवारे या तिन्हींवर एकच गाडी चालते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हवा कोरडी असल्याने कोकणातल्याइतका गंज येथे चढत नाही, मात्र उष्णतेने रबरी भाग कडक होऊन तडकतात व बारीक धूळ ब्रेकच्या ढोलांत आणि सांध्यांत शिरते. पावसाळ्यात सांगाड्याच्या कोपऱ्यांत बसलेली काळी माती ओल धरून ठेवते आणि तेवढ्याच जागी गंज चढतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारी सोलापूरची गाडी निर्दोष असेलच असे नाही.

*सामान्य दोष :* (१) ब्रेक : ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. सावकाश चालविताना हा दोष कळत नाही, परंतु लांब उतारावर ब्रेक तापले की द्रवात वाफ होऊन पेडल खाली जाते. सुमारे दोन टन वजनाच्या गाडीत हे प्राणघातक ठरू शकते, कारण वेग दुप्पट झाल्यास ब्रेकांनी शोषावयाची ऊर्जा चौपट होते. मागील चाकांच्या सिलिंडरातील गळती व दोन्ही बाजूंच्या पकडीतील असमानता हेही नेहमीचे दोष होत.

(२) सुकाणू व निलंबन : गोलक सांधे व दांड्यांची टोके झिजल्याने सुकाणू चक्रात मोकळी चाल येते. मागील आस धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश फाटले की वेगात गाडी डोलते. उंच गाडीत या डोलण्याने उलटण्याचा धोका वाढतो.

(३) सांगाडा : रेंज रोव्हरच्या कायेवरील ॲल्युमिनियमचे पत्रे गंजत नाहीत, त्यामुळे त्याखालचा पोलादी सांगाडा कुजला तरी बाहेरून गाडी चांगली दिसते. जेथे ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस चिकटतात तेथे ओलीमुळे विद्युत् रासायनिक क्षरणही होते.

(४) टायर : केंद्रीय नियमांनुसार खाचांची खोली किमान १.६ मिमी. हवी. कमी चालणाऱ्या गाडीत खाचा शाबूत राहतात, पण रबर जुने होऊन बाजूंना तडे जातात. नुसत्या खोलीच्या मोजणीत हा दोष सुटतो.

(५) धूर : भारत टप्पा ४ पूर्वीच्या डीझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्टरिज एकके आहे. मापनासाठी एंजिन एकदम कमाल वेगास न्यावे लागते. त्यातील दातेरी पट्टा जुना झाला असल्यास तो याच वेळी तुटू शकतो.

*चाचणीच्या पद्धती :* केंद्रीय नियम ६२ मधील यादीत दिवे, परावर्तक, आरसे, काचा, भोंगा, ब्रेक, सुकाणू, वेगमापक इ. बाबी येतात. ब्रेकची परीक्षा मोकळ्या मार्गावर गाडी थांबवून किंवा रुळांच्या यंत्रावर केली जाते. यंत्रावर प्रत्येक चाकाची पकड वेगळी मोजली जात असल्याने ते अधिक नेमके असते. तथापि कायम चारचाकी चालन असलेल्या गाडीचा एकच आस साध्या रुळांवर फिरविल्यास शक्ती दुसऱ्या आसाकडे जाऊन मापन बिघडते व गाडी रुळांवरून पुढे येऊ शकते. अशी गाडी रस्त्यावरच तपासावी लागते. लँड रोव्हर जातीच्या अनेक गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून शक्ती वाहणाऱ्या दंडावर असतो. तो चालत्या गाडीत ओढून तपासल्यास यंत्रणेची हानी होते. म्हणून निरीक्षकास वाहनाची रचना ठाऊक असणे हे यंत्राइतकेच आवश्यक आहे.

*विश्वासार्हता :* प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवसापुरते सत्य असते. त्या दिवसापुरते टायर किंवा दिवे बदलून आणणे शक्य असते आणि झाकलेला दोष धावत्या पाहणीत दिसत नाही. तपासणीस पुरेशी जागा असावी हा मुद्दा महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवरील आदेशात परिवहन कार्यालयांसाठी २५० मी. लांबीच्या चाचणीमार्गाचा आग्रह धरला. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या तरतुदी आल्या व अशा केंद्रांना वाहनदुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री करण्यास मनाई करण्यात आली. ब्रिटनमध्ये दुरुस्ती करणारी गॅरेजेच तपासणीही करतात. तपासणाऱ्याचा हितसंबंध दुरुस्तीत गुंतू नये, हा भारतीय नियमाचा हेतू आहे. खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शुल्कवाढीने जुनी गाडी ठेवणे महाग होते, परंतु तपासणीचा दर्जा आपोआप सुधारत नाही.

राष्ट्रीय राजधानी प्रदेशात राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१५ च्या व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी डीझेल गाड्यांना दहा वर्षांच्या वयाचा निकष लावला. नूतनीकरणाच्या कायद्यात मात्र वाहनाची प्रत्यक्ष स्थिती हाच निकष आहे. तो अधिक न्याय्य आहे, कारण चांगली राखलेली वीस वर्षांची गाडी दुर्लक्षित दहा वर्षांच्या गाडीहून सुरक्षित असू शकते. मात्र हा न्याय तपासणी खरी असेल तरच टिकतो. ब्रेकचे द्रव, रबरी सांधे व टायर यांचे आयुष्य पंधरा वर्षांहून पुष्कळच कमी असल्याने दोन शासकीय तपासण्यांमधील काळात जाणत्या कारागिराकडून गाडी दरवर्षी उचलून खालून पाहून घेणे, हाच मालकापुढील व्यवहार्य उपाय ठरतो.